पिशवी केवढी घ्यायची, पाणी किती घालायचं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दुपारची जेवणं उरकली असतील. कुणी तुरीच्या शेंगा बडवत बसली असेल, कुणी पाखडत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज रोपांबद्दल बोलायचं आहे. पौष चालू आहे. येत्या पावसाळ्यात रोपं विकायची असतील तर माती चाळणं, पिशव्या भरणं हे सगळं आता महिन्या-दीड महिन्यात व्हायला हवं. गेल्या पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या गटांच्या बायकांनी मला एकच गोष्ट विचारली, "ताई, पिशवी केवढी मागवायची? दुकानदार म्हणतो चार बाय सहाची घ्या, स्वस्त पडते." स्वस्त पडते हे खरंच आहे. पिशव्या किलोवर मिळतात आणि लहान पिशव्या एका किलोत कितीतरी जास्त बसतात. माती कमी लागते, जागा कमी लागते, एका टेम्पोत रोपंही जास्त मावतात. पण आमच्या गटाचं एक अख्खं वर्ष याच स्वस्ताईत गेलं, म्हणून आधी ते सांगते.

तुम्हाला आठवत असेल, २०१६ साली राज्यात २ कोटी झाडं लावायची मोहीम निघाली. पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटींचं लक्ष्य होतं. एवढी झाडं लावायची तर रोपं कुठून आणायची? गावोगावच्या गटांना रोपवाटिका करा म्हणून सांगणारे लोक आले. आमच्याकडेही आले. आम्ही बालाघाटच्या डोंगरातल्या बायका, ऊसतोडीला जायचं चुकतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? आषाढात निंबोळ्या आणि जांभळाच्या बिया गोळा केल्या, चार बाय सहाच्या तीन हजार पिशव्या भरल्या आणि बी टोचलं. छान उगवलं. घेणाऱ्यांची अट होती, पुढच्या वर्षी पाऊस पडला की दोन फूट उंचीची रोपं द्यायची. अर्धे पैसे रोपं उचलताना, उरलेले अर्धे दिवाळीनंतर जगलेली रोपं मोजून.

दिवाळीपर्यंत आमची रोपं हिरवीगार होती. फाल्गुनापासून मात्र ती दुपारी माना टाकायला लागली. मग सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. तीन हजार रोपांना कपभर कपभर म्हटलं तरी एका वेळेला तीनशे लिटर, म्हणजे वीस हंडे. दोन वेळचे चाळीस. वैशाखात आमच्या गावात चाळीस हंडे कुठून यायचे? पण आणले. कशी आणली ते पाणी आणणारीलाच माहीत. एवढं करून जूनमध्ये रोपं उचलायला गेलो तर पिशव्या उचलेनात. मुळ्या बुडाच्या भोकांतून निघून खाली जमिनीत गेलेल्या. ओढलं की कटकट तुटायच्या. तशीच भरून दिली. गायरानात लागली. दिवाळीनंतर मोजायला माणसं आली तेव्हा निम्म्याहून जास्त जागी नुसत्या काड्या उभ्या होत्या. दुसरा हप्ता किती आला असेल ते तुम्हीच समजा.

त्या दिवशी आमच्यातल्या एका मावशीनं एक वाळलेलं रोप खुरप्यानं उकरून काढलं. चार महिने जमिनीत राहूनसुद्धा मातीची हुंडी पिशवीच्याच आकाराची होती. आतली मुळी खाली जायची ती बुडाशी वळून गोल गोल फिरलेली, अगदी डोक्यावरच्या चुंबळीसारखी. बाजूच्या जमिनीत एकही मूळ शिरलेलं नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता, ओल होती, आणि हे रोप आपल्या चुंबळीत बसून तहानेनं गेलं.

तेव्हापासून मी रोप बघताना आधी खाली बघते.

आता पिशवीचा हिशोब करू. चार बाय सहा म्हणजे पिशवी सपाट असताना चार इंच रुंद आणि सहा इंच लांब. ती भरली की तिच्यात जेमतेम अर्धा लिटर माती बसते. दुधाच्या मापानं मोजून बघा. पाच बाय आठमध्ये लिटरच्या आतबाहेर बसते. सहा बाय नऊमध्ये दीड लिटर. आणि आठ बाय बारामध्ये? आकडे तर चार बाय सहाच्या बरोबर दुप्पट दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं एक लिटर बसेल. तर तिच्यात साडेतीन-चार लिटर माती जाते. आठपट! कसं, ते पापडावरून समजतं. त्याच जाडीचा पापड दुप्पट रुंदीचा लाटायचा तर पीठ दुप्पट नाही, चौपट लागतं. तशी पिशवीची गोलाई चौपट झाली, त्यात उंची दुप्पट झाली. चार दुणे आठ. त्यामुळे एक-दोन इंचांचा फरक दुकानात किरकोळ वाटतो, पण मुळीच्या दृष्टीनं तो एक खोलीचं घर आणि चार खोल्यांचं घर असा असतो.

मग सरळ मोठीच घ्यावी का? तसंही मी म्हणत नाही. आठ बाय बाराची भरलेली ओली पिशवी पाच-सहा किलोच्या घरात जाते. ती उचलायची, हलवायची, टेम्पोत चढवायची कुणी? आपणच. एवढी माती आणि शेणखत तरी कुठून आणायचं? रस्त्याच्या कडेला लावायला पाच-सहा फुटांची झाडं कुणी मागितली आणि तसा भाव दिला, तर ती पिशवी वापरावी. गायरानात, बांधावर, डोंगरावर लावायच्या रोपाला तिची गरज नाही.

केवढी घ्यायची हे एका गोष्टीवरून ठरवायचं. रोप त्या पिशवीत किती महिने राहणार आहे? आणि ते अवलंबून असतं बी कधी पिकतं यावर. आपल्या देशी झाडांच्या बियांचं वेळापत्रक एकसारखं नाही. निंबोळी पिकते जून-जुलैत आणि तिची उगवण काही आठवड्यांतच झपाट्यानं घटते. जांभळाचं बी तर वाळलं की गेलंच, ते खाल्ल्याबरोबर आठ-पंधरा दिवसांत मातीत जायला हवं. मोहाची टोळंबीसुद्धा तशीच. या तिघांचं बी पावसाळ्यातच टोचावं लागतं आणि ती रोपं लावायची पुढच्या पावसाळ्यात. म्हणजे पुरतं वर्ष पिशवीत, मधला उन्हाळा धरून. त्यांना सहा बाय नऊपेक्षा लहान पिशवी देऊ नका. त्याहून खोल मिळाली तर आणखी बरं. मोहाची मुळी तर आधी खाली धावते आणि मग वर बघते.

उलट आवळा, बेहडा, खैर, बहावा यांचं बी हिवाळ्यात हाताशी येतं. करंजाच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतात. हे बी माघ-फाल्गुनात लावलं की आषाढापर्यंत चार-पाच महिनेच पिशवीत राहणार. त्यांना पाच बाय आठ पुरते. खैर, बहावा यांच्या बियांचं कवच टणक असतं, त्यांना बी लावायच्या आधी गरम पाण्याची प्रक्रिया करावी लागते, पण त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. बोर, पळस यांच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांचं बी पाऊस पडल्यावर थेट जागेवर टोचलेलं मला जास्त आवडतं. पिशवीत कोंडून ठेवण्यात त्यांचं भलं नाही.

आमची चूक आता तुमच्या ध्यानात आली असेल. वर्षभर राहणाऱ्या कडुनिंब-जांभळाला आम्ही तीन महिन्यांची पिशवी दिली होती.

आता पाण्याकडे येते. बऱ्याच बायकांना वाटतं की मोठ्या पिशवीला पाणी जास्त लागतं, आपल्याकडे पाणी कुठाय? मलाही असंच वाटायचं. पण पाणी पितात ती पानं. किती पितात हे पानांची संख्या, ऊन आणि वारा यांवर ठरतं. पिशवी ही नुसती टाकी आहे. दोन घरांत माणसं तेवढीच, पण एकीकडे पाण्याचा एकच हंडा आणि दुसरीकडे मोठा रांजण. पिणं तेवढंच होणार, हंडा मात्र रोज दोनदा भरावा लागणार. अर्धा लिटर माती भिजून निथळली की तिच्यात साधारण चहाचा कपभर पाणी उरतं, आणि तेही सगळं मुळीला ओढता येत नाही. वैशाखाच्या उन्हात दोन फुटांचं रोप ते दुपारपर्यंत संपवतं. दीड लिटरच्या पिशवीत ते तिप्पट असतं, म्हणून एखादा दिवस चुकला तरी रोप तग धरतं. मोठी रोपं पाणी थोडं जास्त पितील, हे खरं. पण पाणी भरायच्या खेपा वाटून घेता येतात, आज या वाफ्याला, उद्या त्या वाफ्याला. पाच दिवसांचं लग्न आलं तरी नर्सरीकडे बघायला कुणीतरी मागे राहायलाच हवं, अशी वेळ येत नाही.

आणि लहान पिशवी लवकर सुकते एवढंच नाही, ती तळाशी जास्त चिखलही धरते. हे ऐकून आमच्या गटात सगळ्या हसल्या होत्या. एकच पिशवी सुकी पण आणि चिखलाची पण? मग मी भांडी घासायचा स्पंज आणला. तुम्हीही आज करून बघा. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि दोन्ही हातांवर आडवा, सपाट धरा. थेंब पडतील, मग थांबतील. आता पिळू नका, नुसता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, पाणी तेच. पण उंची वाढली तशी वरचं पाणी खाली ओढलं गेलं आणि बाहेर पडलं. पिशवीतली माती अशीच वागते. पाणी निथळून थांबलं तरी बुडाशी चार बोटांचा एक थर चिंब राहतो. नऊ इंच खोल पिशवीत त्या थराच्या वर मुळीला भरपूर मोकळी माती उरते. सहा इंचांच्या पिशवीत, जी भरून वरचा काठ सोडला की पाचच इंच राहते, त्यात उरतं काय?

चिंब मातीचं एवढं वाईट काय, असं कुणी म्हणेल. मुळीला श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, तिथे सतत पाणी भरून राहिलं की मुळी गुदमरते, काळी पडते, कुजते. कुजलेली मुळी पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पानं माना टाकतात. आपण काय करतो? माना टाकल्या म्हणून आणखी पाणी घालतो. माझ्या पाहण्यात नर्सरीत तहानेनं मेलेल्या रोपांपेक्षा अशी लाडानं मेलेली रोपं जास्त आहेत. कोवळ्या रोपांचं तर विचारूच नका. दोन पानांवर असताना माती सारखी गच्च ओली राहिली तर मातीलगत देठ मऊ पडतो आणि रोप एका रात्रीत आडवं होतं. मर रोग म्हणतो तो हाच.

म्हणून घड्याळ बघून पाणी घालू नका. पिशवी उचलून बघा. पाणी घालून निथळलेली पिशवी हातात धरली की किती जड लागते ते एकदा हाताला शिकवायचं. मग दर वाफ्यातल्या चार-पाच पिशव्या रोज सकाळी उचलायच्या, कडेच्या दोन, मधल्या दोन. हलक्या लागल्या तर पाणी, जड असल्या तर राहू द्या. पिठाचा डबा उचलून आत किती पीठ आहे हे आपल्याला न उघडता कळतं, तसंच हेही आठ दिवसांत कळायला लागतं. वरची माती सुकी दिसते म्हणून फसू नका. ती दुपारच्या उन्हानं अर्धा इंच सुकतेच, खाली ओल असते.

आणि घालायचं तेव्हा पोटभर घाला. बुडाच्या भोकांतून थेंब येईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरचा दीड इंच भिजतो, मुळ्या तिथेच घुटमळतात आणि खालची अर्धी पिशवी फुकट जाते. बोअरचं पाणी असेल तर आणखी एक त्रास होतो. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरते. भरपूर पाणी घालून निथळू दिलं तर ते क्षार खाली वाहून जातात. पण पाणी निथळायचं तर भोकं हवीत. नव्या पिशव्यांत कधी कधी भोकं अर्धवट पडलेली असतात, भरायच्या आधी बघा आणि दाभणानं टोचून घ्या. नुसती काळी माती भरू नका. ती ओली झाली की दाबून बसते, आणि सुकली की आकसून पिशवीपासून सुटते. मग तुम्ही घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं, बुडातून येताना दिसतं आणि आपल्याला वाटतं रोप भिजलं. आम्ही दोन घमेली चाळलेली पोयट्याची माती, एक घमेलं वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत घेतो.

उन्हाळ्यातल्या दोन बारीक गोष्टी. काळी पिशवी उन्हात तापते. वाफ्याच्या पश्चिमेच्या कडेची रोपं नेहमी आधी सुकतात, कारण मावळतीचं ऊन थेट पिशवीवर येतं आणि आतली मुळी भाजते. त्या बाजूला मातीचा बांध घाला किंवा गोणपाट लावा. आणि दुपारी उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी रोपांवर सोडू नका, हात घालून बघा, चटका बसतो. बाकी पाणी शक्यतो सकाळीच घालावं.

आता आमच्या प्रयोगाबद्दल सांगते. पहिल्या वर्षी हात पोळल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही एका करंजाच्या झाडाच्या शेंगा घेतल्या आणि फाल्गुनात चाळीस पिशव्या लावल्या. वीस लहान, चार बाय सहाच्या. वीस मोठ्या, सहा बाय नऊच्या. माती एकच. दोन्हींतल्या दहा-दहा पिशव्यांना रोज सकाळी पाणी घालायचं, गरज असो नसो. उरलेल्या दहा-दहांना पिशवी हलकी लागली तरच घालायचं, पण भरपूर. रोपांना रंगीत दोरे बांधले, म्हणजे गोंधळ नको.

पहिला महिना-सव्वा महिना काहीच फरक दिसला नाही. करंजाचं बी मोठं असतं, आईची शिदोरी पुरते त्याला. आमच्यातल्या एक-दोघी म्हणाल्याच की उगीच मोठ्या पिशव्या वाया घालवल्या. मग फरक पडायला लागला. लहान पिशवीतलं रोज पाणी पिणारं रोप आधी सरसर वर गेलं, बारीक आणि लुसलुशीत, मग एकदम थांबलं आणि खालची पानं पिवळी पडली. लहान पिशवीतली गरजेप्रमाणे पाणी दिलेली रोपं बरी होती, पण वैशाखात ती दिवसातून दोनदा उचलून बघावी लागायची, त्यात आमचा जीव गेला. मोठ्या पिशवीत रोज पाणी दिलेल्यांत मातीवर शेवाळ आलं आणि दोन रोपं बुडाशी कुजली. मोठ्या पिशवीत हलकी लागली की पाणी, ही दहा रोपं बरेच दिवस दिसायला साधीच होती. उंचीत पहिला नंबर त्यांचा नव्हता. पण बुंध्याशी दोरा गुंडाळून मोजलं तेव्हा सगळ्यांत जाड तीच भरली.

ज्येष्ठात प्रत्येक प्रकारातलं एकेक रोप पिशवी फाडून बादलीत धुतलं आणि ओसरीवर ओळीनं मांडलं. तेव्हा शेजारणीही बघायला आल्या. लहान पिशवीतल्या दोन्हींची मुळी बुडाशी वळलेली. रोज पाण्याच्या मोठ्या पिशवीत मुळ्या वरच्या निम्म्यात, खाली तपकिरी आणि विरळ. चौथ्याची मुळी वरपासून बुडापर्यंत पांढरी, बारीक तंतूंनी भरलेली. हा आमच्या ओसरीवरचा चाळीस पिशव्यांचा प्रयोग. दुसऱ्या गावच्या मातीत, दुसऱ्या झाडात थोडं वेगळं दिसेल. म्हणूनच तुम्हीही तुमच्या गावात चाळीस पिशव्या बाजूला ठेवा.

मोठ्या प्रमाणावरही लोकांनी हे तपासलं आहे. जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१२ साली जगभरातले ६५ प्रयोग एकत्र करून पाहिले. कुंडीतली जागा दुप्पट केली की झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढलं होतं. त्यांनी माणसाच्या मेंदूचा फोटो काढतात तशा यंत्रानं कुंडीच्या आतल्या मुळ्याही पाहिल्या, सातूच्या आणि साखरबिटाच्या. मुळ्या लवकरच कुंडीच्या भिंतीला जाऊन भिडतात आणि बरीचशी मुळी कडेच्या भागातच जमते. भिंतीला भिडलेल्या मुळीकडून जणू वर निरोप जातो की जागा संपली, आवरतं घ्या. मग खत घाला नाहीतर पाणी घाला, वाढ मंदावते.

काही नर्सऱ्यांत आतून उभ्या रेघा असलेले कडक प्लॅस्टिकचे रूट ट्रेनर असतात, तुम्ही पाहिले असतील. त्यांतली जागा लहानच असते. पण त्या रेघांमुळे मुळी गोल न फिरता सरळ खाली जाते, आणि ते मांडवावर अधांतरी ठेवल्यामुळे बुडाच्या भोकातून बाहेर आलेलं टोक हवेनं सुकून आपोआप छाटलं जातं. मग वरून नव्या बारीक मुळ्या फुटतात. चांगली वस्तू आहे, पण महाग आहे, आणि उन्हाळ्यात तिला पाणी सारखं लागतं. पिशव्यांत तेच काम आपण हातानं करतो. महिन्यातून एकदा सगळ्या पिशव्या जागेवरून उचलून पुन्हा मांडायच्या. जमिनीत शिरायला निघालेली मुळी कोवळी असतानाच तुटते. लांब निघालेली असेल तर ब्लेडनं कापायची, पाणी घालायचं आणि दोन-चार दिवस सावलीत ठेवायचं. हलवतानाच उंच रोपं एकीकडे, बुटकी एकीकडे करायची, नाहीतर बुटक्यांना ऊनच मिळत नाही. कंटाळवाणं काम आहे, मान्य. आमची पहिल्या वर्षीची कटकट तुटलेली मुळी आठवली की कंटाळा जातो.

लावणीच्या आधीच्या महिन्यात रोपाला थोडं कडक करावं लागतं. आपल्याकडे सासरी निघालेल्या पोरीला आधी चार कामं शिकवायचे, तसंच! शेडनेटची सावली काढायची. पाण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर हळूहळू वाढवायचं. दुपारी पानं जराशी मऊ पडली तर घाबरू नका, संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर ठीक आहे. सकाळीही माना खाली असतील तर मात्र लगेच पाणी. थोडी तहान लागली की झाड वरची वाढ आवरतं आणि मुळीकडे लक्ष देतं. पानंही जाड होतात. याच महिन्यात घेणारा आला तर म्हणेल, रोपं हिरवीगार दिसत नाहीत. त्याला एक पिशवी फाडून दाखवा. एक रोप गेलं तर जाऊ द्या. उंचीवर भाव करणाऱ्यांशी आम्ही आता असंच बोलतो आणि बुंध्याची जाडीही मोजा म्हणतो. सगळे ऐकतात असं नाही.

लावायला नेण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र पोटभर पाणी द्या, म्हणजे हुंडी फुटत नाही. लावताना पिशवी ब्लेडनं पूर्ण फाडून काढायची आणि घरी परत आणायची. बुडाशी मुळी वळलेली दिसली तर तेवढी कापून टाकायची. हात थरथरतो पहिल्यांदा. पण वळलेली मुळी तशीच ठेवली तर ती जाड होत जाते आणि काही वर्षांनी झाड वाऱ्यानं मुळापासून हलतं.

शेवटी एक फोन आला होता त्याचं उत्तर देते. एका गटानं चार बाय सहाच्या पाच किलो पिशव्या आधीच आणून ठेवल्यात. आता काय करू, असं विचारतात. परत घेत असेल तर बदलून घ्या. घेत नसेल तर फेकू नका. करंजाचं बी त्यांत लावा, पण उशिरा, चैत्राच्या अखेरीला, म्हणजे रोप पिशवीत अडीच-तीन महिनेच राहील. रोप वीतभर-दीड वीत होईल, आणि तसंच पहिल्या चांगल्या पावसाला गावातल्याच बांधावर लावून टाका, दूर पाठवू नका. शेवगा आणि पपईसाठीही त्या पिशव्या चालतील, ती रोपं महिन्या-दीड महिन्यात निघतात. कडुनिंब आणि जांभळासाठी मात्र आषाढाच्या आत सहा बाय नऊच्या वेगळ्या आणा, आणि किलोत किती बसतात ते दुकानातच मोजून घ्या.